पिशवीचा पूर्ण हिशेब

(पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे येथे पर्यावरण या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



पर्यावरणावर बोला, असे संयोजकांनी मला सांगितले तेव्हा मी थोडा बिचकलो. मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्रात गेले. ओझोन, कार्बन हे शब्द मथळ्यात बसवण्यापुरते मला ठाऊक. शिवाय या विषयावरच्या भाषणांचा एक साचा ठरून गेलेला आहे. वक्ता पृथ्वीच्या विनाशाचे चित्र रंगवतो, श्रोते गंभीर चेहरा करतात आणि सभा संपल्यावर सर्वजण जसे आले तसे घरी जातात. म्हणून आज पृथ्वी बाजूला ठेवू. आपण एक पिशवी घेऊ. बाजाराची, कापडाची, दोन बंदांची.

मागच्या महिन्यात आमच्या सौ.नी स्वयंपाकघराच्या दाराआडचा खिळा मोकळा केला. त्यावर टांगलेल्या कापडी पिशव्या मोजल्या, तर तेवीस निघाल्या. कुणाच्या वास्तुशांतीची, कुणाच्या एकसष्टीची, पतपेढीच्या वार्षिक सभेची, एका साहित्यविषयक कार्यक्रमाची, तीन निवडणुकीच्या आणि दोन लग्नांच्या. लग्नाच्या पिशव्यांवर वधू-वरांची नावे सोनेरी अक्षरांत. प्रत्येकीवर कुठे ना कुठे 'पर्यावरण वाचवा' असे छापलेले. वापरात होत्या फक्त दोन. उरलेल्या एकवीस नव्या कोऱ्या, घडी न मोडलेल्या.

या एकवीस पिशव्यांनी पर्यावरणाचे नेमके काय वाचवले, हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळू लागला. त्याचे उत्तर शोधताना मला एका शास्त्राची ओळख झाली. इंग्रजीत त्याला 'लाइफ सायकल असेसमेंट' म्हणतात. आपण त्याला वस्तूचे जीवनचक्र-मूल्यमापन म्हणू. साध्या भाषेत सांगायचे, तर वस्तू खाणीत किंवा शेतात जन्मल्यापासून उकिरड्यावर जाईपर्यंत तिच्यापायी निसर्गाचे जे जे खर्ची पडते, त्याचा पूर्ण जमाखर्च.

या शास्त्राचा आरंभ कुठल्याही तपोवनात झालेला नाही. १९६९ साली अमेरिकेतील कोका-कोला कंपनीपुढे प्रश्न होता की, पेय भरायचे कशात? काच, पत्र्याचा डबा की प्लॅस्टिक? त्यांनी 'मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट' या संस्थेला काम दिले. कोणत्या बाटलीपायी किती कच्चा माल लागतो, किती इंधन जळते, किती घाण मागे उरते, याची मोजदाद करण्यास सांगितले. तो अहवाल कंपनीने पूर्ण स्वरूपात कधी प्रसिद्ध केला नाही. पण मोजण्याची रीत मागे राहिली. पुढे १९९७ साली 'आयएसओ १४०४०' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक निघाले, २००६ मध्ये ते सुधारले गेले, आणि आज जगभर हा हिशेब त्याच चौकटीत मांडला जातो.

हिशेबाची पहिली अट अशी की, तुलना वस्तूंची करायची नाही, कामाची करायची. एक कापडी पिशवी विरुद्ध एक प्लॅस्टिकची पिशवी, ही तुलनाच चुकीची. काम काय आहे? वर्षभर दर आठवड्याला पाच किलो बाजार घरी आणणे. मग या कामाला प्लॅस्टिकच्या किती पिशव्या लागतील आणि कापडाच्या किती, असा प्रश्न विचारायचा. शास्त्रज्ञ याला कार्य-एकक म्हणतात. हा शब्द विसरलात तरी चालेल, पण ही अट विसरू नका. जाहिरातींमधली निम्मी फसवणूक इथेच होते.

दुसरी अट हद्दीची. हिशेब कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा? पिंपळनेरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपण पांझरेच्या काठचे लोक. या नदीवर शेकडो वर्षांपासून फड पद्धतीचे बंधारे आहेत. एका बंधाऱ्याचे पाणी एका गावाच्या फडांना, त्याखालच्या बंधाऱ्याचे पुढच्या गावाला. वरच्या गावाने 'आमचा हिशेब आमच्या बंधाऱ्याशी संपला' असे म्हटले, तर खालचे गाव ते चालवून घेईल काय? पाटकऱ्याला वरचे आणि खालचे, दोन्ही पाहावे लागते. कारखानदार मात्र आपला हिशेब कारखान्याच्या फाटकापासून फाटकापर्यंत मांडतो आणि आपण ग्राहक दुकानाच्या गल्ल्यापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत. फाटकाअलीकडे खाण असते, उंबरठ्यापलीकडे उकिरडा असतो. ते दोन्ही कुणाच्याच वहीत नसतात.

कपाशीच्या शेतापासून

आता आपल्या पिशवीच्या मागे मागे चालू या. ती निघते खान्देशातल्या एखाद्या कपाशीच्या शेतातून. नांगरट झाली, ट्रॅक्टरचे डिझेल जळाले. बियाणे आले. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यापासून ते बहुतेक बीटीच असते. मग युरिया. युरिया तयार होतो नैसर्गिक वायूपासून, म्हणजे ज्या खनिज कुळातून प्लॅस्टिक येते त्याच कुळातून. शेतात टाकलेल्या युरियाचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट असते. नंतर फवारण्या. मग वेचणी, जिनिंग, गाठी.

इथे एक गमतीचा पेच येतो. वेचलेल्या कापसात वजनाने साधारण एक तृतीयांश रुई आणि दोन तृतीयांश सरकी. सरकीचे तेल निघते, ढेप आपल्या म्हशी खातात. पऱ्हाट्या चुलीत जातात. मग शेतातल्या त्या पाण्याचा, खताचा, औषधाचा बोजा कुणाच्या नावावर लिहायचा? वजनाप्रमाणे वाटला, तर दोन हिस्से सरकीच्या, पर्यायाने म्हशीच्या दुधाच्या खाती जातील आणि पिशवी एकदम निर्दोष ठरेल. किमतीप्रमाणे वाटला, तर बहुतेक बोजा रुईवर, म्हणजे पिशवीवर येईल. दोन्ही पद्धती शास्त्रसंमत आहेत. उत्तर मात्र वेगवेगळे येते. म्हणून असा कोणताही अहवाल हाती आला की, निष्कर्षाचे पान उघडण्याआधी वाटणी कशी केली ते पाहावे. भावाभावांच्या वाटणीत आपण जेवढे सावध असतो, तेवढेच इथेही असावे.

गाठींचा पुढचा प्रवास पाहा. एके काळी तो जवळच संपत असे. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल. या भागातल्या कापसाचे सूत आणि कापड याच भागात होत असे. आज त्या गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत. गाठी ट्रकने दूरच्या सूतगिरण्यांकडे जातात, सूत मालेगावच्या किंवा इतर ठिकाणच्या यंत्रमागांवर येते, कापड आणखी कुठे ब्लीच होते, रंगते, शिवले जाते आणि छपाई होऊन परत आपल्याच गावातल्या वास्तुशांतीत दाखल होते. कापूस इथला, पिशवीही इथली, पण मधल्या प्रवासाचा धूर आपल्याला दिसत नाही.

आणि पाणी? एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १० हजार लिटर पाणी लागते, असे मानले जाते. भारतातल्या कापसाच्या बाबतीत किलोमागे २२ हजार ५०० लिटरपर्यंतचा आकडा दिला जातो. त्या मापाने पावणेदोनशे-एकशे ऐंशी ग्रॅमच्या एका पिशवीमागे चार हजार लिटर झाले. आकडा ऐकून छाती दडपते. पण थांबा. आपल्या राज्यातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. तो पावसाचे पाणी पितो, जे त्या रानात तसेही पडलेच असते. धरणातून उचललेले एक लिटर आणि आभाळातून पडलेले एक लिटर यांची किंमत सारखी नाही. दुष्काळी गावातल्या विहिरीतले एक लिटर तर त्याहूनही वेगळे. परदेशी आकडा जसाच्या तसा उचलून आपल्या रानावर डकवला की असा घोटाळा होतो. आपल्या मातीतले आकडे आपणच मोजले पाहिजेत. ते काम आपल्या कृषी विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी हाती घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आता प्लॅस्टिकची पिशवी. तिची कहाणी थोडक्यात संपते. तेल किंवा वायू, त्यापासून इथिलीन, त्याचे दाणे, दाणे वितळवून फुगवलेला पातळ पापुद्रा, की झाली पिशवी. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात दुकानातल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीचे वजन सुमारे ८ ग्रॅम आणि कापडी पिशवीचे सुमारे १८३ ग्रॅम धरले आहे. सारे गणित या दोन आकड्यांत दडलेले आहे. वीसपटींहून अधिक माल लागतो आणि तोही शेतात पिकवावा लागतो.

त्या अहवालाचा निष्कर्ष असा की, वातावरण तापवण्याच्या बाबतीत कापडी पिशवी प्लॅस्टिकच्या बरोबरीला यायची, तर ती १३१ वेळा वापरली पाहिजे. प्लॅस्टिकची पिशवी लोक घरी कचऱ्यासाठी पुन्हा वापरत असतील, तर त्याहून अधिक. २०१८ साली डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमानापुरते पाहिले तर ५२ वेळा आणि सर्व प्रकारचे दुष्परिणाम एकत्र धरले तर ७१०० वेळा, असा आकडा आला. सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी तर २० हजार वेळा, कारण त्या हिशेबात सेंद्रिय कापसाचे एकरी उत्पन्न कमी धरले आहे.

बावन्न म्हणजे काय? आठवडे बाजाराला एक पिशवी वर्षभर नेली की झाले बावन्न. हे अगदी आवाक्यातले आहे. ७१०० म्हणजे दर आठवड्याला एकदा याप्रमाणे १३६ वर्षे. पणतूने जपून वापरली तरच जमायचे. आणि २० हजार म्हणजे ३८४ वर्षे, म्हणजे पिशवी शिवकाळात शिवून घ्यायला हवी होती! आमच्या खिळ्यावरच्या तेवीस पिशव्यांचे बोलायचे, तर नुसते तापमानाचे कर्ज फेडण्यासाठीसुद्धा आम्हा दोघांना तेवीस वर्षे न चुकता बाजार करावा लागेल. मी पन्नाशी ओलांडलेली आहे. प्रयत्न करीन.

हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी 'कापडी पिशवी प्लॅस्टिकपेक्षा वाईट' असे मथळे दिले. माझ्या व्यवसायबंधूंचा हा स्वभावच आहे, आणि त्यात मीही आलो. पण त्या डॅनिश हिशेबाची हद्द कुठे होती, हे फार थोड्यांनी पाहिले. त्यात गृहीत असे धरले होते की, प्लॅस्टिकची पिशवी शेवटी घरच्या कचऱ्याच्या डब्यात जाईल, नगरपालिकेची गाडी तो कचरा उचलेल आणि भट्टीत जाळून त्यातून वीज व उष्णता मिळवली जाईल. रस्त्यावर उडालेली, गटारात गेलेली, समुद्रात पोहोचलेली पिशवी त्या हिशेबात धरलेलीच नव्हती. डेन्मार्कसाठी ते गृहीत चालून जात असेल. पिंपळनेरच्या बाजारातली पिशवी बाजार उठल्यावर कुठे जाते?

ती पांझरेच्या पात्रात जाते. पहिल्या पुराबरोबर खाली वाहते, धुळ्याच्या पुलांखाली अडकते, सुटली तर मुडावदजवळ तापीला मिळते. किंवा ती गायीच्या पोटात जाते. उष्ट्या अन्नाच्या वासाने गाय गाठ मारलेली पिशवी तशीच गिळते. गुरांच्या डॉक्टरांना विचारा, पोट उघडल्यावर काय काय निघते ते सांगतील. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांना हातभार लावणाऱ्या गोष्टींत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचेही नाव आले, आणि राज्यात त्यांच्यावर निर्बंध घालण्याला त्यानंतरच जोर चढला. २३ मार्च २०१८ ची महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. ती बंदी मला योग्य वाटते. डेन्मार्कचा हिशेब खोटा आहे म्हणून नव्हे. तो खराच आहे. पण तो आपल्या गायीचा, आपल्या गटाराचा आणि आपल्या नदीचा नाही.

मात्र दुसऱ्या बाजूचेही एक खाते रिकामे आहे, आणि त्याबद्दल बोलताना मला संकोच वाटत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात होते. शहरातल्या माणसाला कापूस म्हटला की पांढरे, पवित्र, नैसर्गिक असे काहीतरी आठवते. त्या पांढऱ्या बोंडामागे पाठीवर पंप, तोंडाला नुसता रुमाल आणि वाऱ्याच्या दिशेचा अंदाज नसलेला सालदार उभा असतो. जीवनचक्राच्या हिशेबात 'मानवी विषबाधा' असा एक रकाना असतो. त्यात एक संख्या भरली जाते. ती संख्या वाचताना यवतमाळ आठवले पाहिजे. जी पिशवी कुणीही वापरणार नाही, तिच्यासाठीसुद्धा कुणीतरी ही फवारणी केलेली असते. घडी न मोडलेल्या त्या एकवीस पिशव्यांकडे पाहताना मला सर्वांत जास्त हेच टोचले.

हिशेब कुणाच्या पैशाने?

या शास्त्राची आणखी एक बाजू पत्रकार म्हणून मला सांगितलीच पाहिजे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या लंगोटांवरून मोठा वाद झाला. फेकून देण्याचे लंगोट बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने एक अभ्यास झाला. त्यात फेकायचे लंगोट चांगले ठरले. कापडी दुपटी धुऊन देणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या पैशाने दुसरा अभ्यास झाला, त्यात कापडी दुपटी चांगली ठरली. दोन्हीकडे शास्त्रज्ञ होते, आणि कुणी धडधडीत खोटे लिहिले असे नाही. दुपटे किती गरम पाण्यात धुतले, किती वेळा वापरले, वाळवले उन्हात की यंत्रात, एवढ्यावर पारडे फिरते. आपल्याकडे दुपटी उन्हात दोरीवर वाळतात. हा एक तपशील घातला तरी उत्तर बदलेल. अशा अनुभवांनंतरच प्रमाणकात अट आली की, दोन वस्तूंची तुलना करून ती लोकांपुढे मांडायची असेल, तर आधी त्रयस्थ तज्ज्ञांकडून ती तपासून घ्यावी.

आपल्या देशातही याची सुरुवात लवकर झाली होती. १९९१ साली केंद्र सरकारने 'इकोमार्क' योजना आणली. चिन्ह होते मातीचा मटका. इतके बोलके चिन्ह क्वचितच सुचते. मातीतून येतो, पाणी थंड करतो, फुटला की मातीत जातो. कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा विचार करून उत्पादनांना हे चिन्ह द्यायचे, अशी ती कल्पना. पण उद्योगांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. किती घरांत मटक्याचे चिन्ह असलेली वस्तू आहे, हात वर करा म्हटले तर या सभागृहात बहुधा एकही हात वर जाणार नाही. २०२४ साली नवे इकोमार्क नियम आले आहेत. यावेळी ग्राहकांनी दुकानात विचारणा केली, तर काही घडेल.

आता थोडे मान वर करून पाहू या. आपल्याच साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. शिवाजीनगरला २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. चक्कीतून धूर निघत नाही, म्हणून ती पूर्ण स्वच्छ, असे आपण म्हणतो. पण तिचा पाया काँक्रीटचा, मनोरा पोलादाचा, पाती काचतंतू आणि राळेची. या सर्वांसाठी कुठेतरी भट्टी पेटलेली असते. ते सारे धरूनही हिशेब काय सांगतो? आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २०१४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, जमिनीवरच्या पवनचक्कीच्या एक युनिट विजेमागे मध्यक मूल्याने ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका बोजा, मोठ्या सौर प्रकल्पाचा ४८ ग्रॅम आणि दगडी कोळशाचा ८२० ग्रॅम. इथे पूर्ण हिशेब पवनचक्कीच्या बाजूने निर्विवाद कौल देतो. म्हणजे हे शास्त्र केवळ चांगल्या गोष्टींत खोट काढण्यासाठी जन्मलेले नाही.

तरीही खालचा रकाना भरावा लागतो. या शतकाच्या पहिल्या दशकात उभ्या राहिलेल्या चक्क्यांचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचे. त्या उतरवायची वेळ आता येऊ घातली आहे. पोलाद भंगारात विकले जाईल. पण त्या लांबलचक पात्यांचे काय? काच आणि राळ पुन्हा वेगळी करणे फार अवघड आहे. सौर पट्ट्यांसाठी निदान २०२२ च्या ई-कचरा नियमांत तरतूद आली. पात्यांबद्दल तालुक्याने आतापासूनच विचारले पाहिजे. ११ ग्रॅमच्या त्या आकड्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पडून राहिलेले पाते दिसत नाही.

आणि प्लॅस्टिक सरसकट खलनायक आहे, असेही मी म्हणणार नाही. जळगावच्या भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचन ज्या नळ्यांतून घराघरांत पोहोचवले, त्या नळ्याही पॉलिथिनच्याच. केळीच्या बागेत वर्षानुवर्षे पाणी वाचवणारी नळी आणि कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटे वाहून नेणारी पिशवी, दोघींचे गोत्र एकच. काम वेगळे, आयुष्य वेगळे, म्हणून हिशेब वेगळा. मल्चिंग पेपरचे मात्र सांभाळा. तण रोखतो, ओल धरतो, हे खरे. पण हंगामानंतर त्याच्या चिंध्या नांगराखाली गाडल्या की, त्या जमिनीत किती काळ राहतील याचा अंदाज आपल्यापैकी कुणालाही नाही.

काही जण म्हणतील, हे सारे आपल्याकडे पूर्वीपासूनच होते. लुगडे जुने झाले की त्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरे. हे सांगून टाळी घेण्याचा मोह मलाही होतो. पण प्रामाणिकपणे सांगायचे, तर आजीने गोधडी शिवली ती टंचाईपोटी. तिच्याजवळ दुसरे कापड नव्हते. तिची काटकसर वंदनीय आहे. पण आपली परिस्थिती उलटी आहे. आपल्याजवळ सारे भरपूर आहे, आणि भरपूर असताना हात आखडायचा, तर टंचाईची सवय उपयोगी पडत नाही. तिथे मोजावेच लागते. ते मोजणे आपण नव्यानेच शिकत आहोत.

म्हणून या गावाला माझ्या दोन-तीन व्यवहारी सूचना आहेत. संस्थांनी, पतपेढ्यांनी, उमेदवारांनी आणि यजमानांनी नव्या पिशव्या वाटणे थांबवावे. पैसे खर्च करायचेच असतील, तर बाजाराच्या तोंडाशी एखाद्या शिवणयंत्रवाल्या भगिनीला बसवावे. तिने तुटलेले बंद शिवून द्यावेत आणि जुन्या साड्या-चादरींच्या पिशव्या बेताच्या दरात शिवाव्यात. जुन्या साडीसाठी नव्याने कपाशी पेरावी लागत नाही, तिचा शेतातला बोजा साडीच्या खाती आधीच लिहिला गेला आहे. दुकानदारांनी 'कापडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या कडक, जाळीदार पोताच्या पिशव्यांना काडी लावून पाहावी. वितळून गोळा झाला, तर ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. आणि इथल्या शाळेतल्या मुलांना सहामाहीचा एक प्रकल्प द्यावा. घरातली एकच पिशवी निवडायची, तिच्या आतल्या बाजूला प्रत्येक बाजाराला धाग्याचा एक टाका घालायचा. दिवाळीला टाके मोजायचे. डेन्मार्कच्या आकड्यापेक्षा तो आकडा मला अधिक मोलाचा वाटेल, कारण तो पिंपळनेरचा असेल.

अध्यक्ष महोदय, माझे बोलणे संपले. सत्काराचे ताट मी मघाशीच पाहिले. शाल घेतो, थंडीचे दिवस आहेत. नारळ घेतो, तो हातात नेता येतो. पण त्याखाली घडी घालून ठेवलेली, आजच्या कार्यक्रमाचे नाव छापलेली ती पिशवी मात्र संयोजकांनी राग न मानता काढून ठेवावी. आमच्या खिळ्यावर चोविसाव्या पिशवीला जागा नाही, आणि तेवीस वर्षांचे काम आधीच अंगावर आहे. शिल्लक राहिलेल्या पिशव्या कुणाला द्यायच्या असतील, तर ज्या घरात एकही नाही, अशा घरी द्याव्यात.